ऑपरेशननंतर पोट साफ होण्याचं काय? आपापले अनुभव लिहा

टाके, ड्रेसिंग, व्यायाम या सगळ्याबद्दल डिस्चार्जच्या वेळी नीट सांगतात. संडासला झालीच नाही तर काय करायचं, हे मात्र बहुतेकांना घरी आल्यावर कळतं, आणि लाजेपायी कोणी विचारत नाही. म्हणून मोकळेपणाने लिहा: कोणतं ऑपरेशन होतं, कशामुळे अडलं, कशाने सुटलं. औषध मात्र प्रत्येकाने आपल्या सर्जनला विचारूनच घ्यायचं.

सुरुवात मी करते. माझं गर्भाशय काढलं, पोट उघडून. राउंडला डॉक्टर आले की पहिला प्रश्न, "गॅस पास झाला का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी सिस्टरने समजावलं. भूल आणि पोटातली हाताळणी यामुळे आतड्यांची हालचाल थंडावते. लहान आतडं साधारण 24 तासांत कामाला लागतं, मोठ्याला 48 ते 72 तास लागू शकतात. वारा सरणं ही ते सुरू झाल्याची खूण. हे कळल्यावर मीच विचारायच्या आधी सांगायला लागले. वॉर्डातल्या फेऱ्यांचाही कंटाळा केला नाही.

---

माझा गुडघा बदलला. पोटाला हातही लागलेला नव्हता, तरी पोट दगडासारखं. कारण ट्रॅमाडॉल, दुखणं थांबवायची गोळी. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक औषधं आतड्याची गती कमी करतात, मळातलं पाणी जास्त शोषलं जातं आणि खडा होतो. मळमळ, गुंगी थोड्या दिवसांत सरावाने कमी होते, बद्धकोष्ठता तशी होत नाही. म्हणून अशी गोळी सुरू होते त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. लॅक्ट्युलोजला एक-दोन दिवस लागतात, सेन्ना रात्री घेतली की सहा ते बारा तासांत काम करते. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय घेऊ नका, आतच घट्ट होऊन बसतं.

---

सासऱ्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर आधी काहीच होत नव्हतं, मग एकाएकी दिवसभर थोडं थोडं पातळ व्हायला लागलं. चादरीला डाग पडायचे. बाबा ओशाळून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, जेवण नको म्हणायचे. सगळे म्हणाले जुलाब आहेत, थांबवायची गोळी द्या. मी आधी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हातमोजा घालून तपासलं, तर गुदाशयात मोठा खडा अडकलेला आणि त्याच्या कडेने पातळ पाझरत होतं! जुलाब थांबवायची गोळी दिली असती तर आणखी अडलं असतं. एनिमा देऊन मोकळं केलं. त्यानंतर आम्ही नाश्ता झाला की लगेच त्यांना धरून कमोडवर बसवायचो. खाल्ल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, ती वेळ दवडायची नाही. दार लोटून आम्ही बाहेर थांबायचो. बेडपॅनवर, आडवं पडून, चार माणसांसमोर कोणाला होणार आहे?

---

कमोडसमोर छोटं स्टूल ठेवून पाय वर घेतले की सोपं जातं, हे बरेच जण सांगतील आणि ते खरंही आहे. पण खुबा बदललेल्यांनी सर्जनना विचारल्याशिवाय करू नका. गुडघे कमरेच्या वर न्यायचे नाहीत असं मला बजावलं होतं. मला तर उलट उंच सीट बसवायला सांगितली होती.

---

माझं सिझेरियन. टाके उसवतील या धास्तीने मी जोरच लावत नव्हते. आईने उशी दिली, टाक्यांवर हलकेच दाबून धरायची आणि श्वास रोखायचा नाही. फार धीर आला. लोहाच्या गोळ्यांनीही घट्ट होतं आणि रंग काळा होतो, घाबरू नका. मात्र डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीचं असेल तर लगेच दाखवा.

---

मूळव्याधीचं ऑपरेशन झालेल्यांना एकच सांगतो, दुखेल म्हणून दाबून ठेवू नका. दाबलं की आणखी सुकतं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखतं. मऊ करणारं औषध न चुकता आणि नंतर कोमट पाण्यात बसणं, यावर मी ते दिवस काढले.

---

मी सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. पोट फुगत चाललंय, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, पोटात कळा किंवा ताप आहे, रक्त पडतंय, यातलं काहीही असेल तर घरी रेचक देत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटलला कळवा. आतड्याचं किंवा गुदद्वाराजवळचं ऑपरेशन झालं असेल तर एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) स्वतःहून कधीच नाही. फोन करताना शेवटची संडास कधी झाली, वारा सरतोय का आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. आम्ही पहिल्यांदा तेच विचारतो.