विषय: रविवारच्या आत: कोल्हापूरच्या घरचा राउटर आणि व्हीपीएन

बंडू, सध्या मंगळवार पेठ

मंडळाच्या सर्वांना नमस्कार,

रविवारी रात्री मुंबईहून विमान आहे, म्हणून घाईत लिहितोय. अण्णा जिन्यात पडले तेव्हापासून घरी दोन कॅमेरे आणि रेकॉर्डर बसवलाय. तो मला जर्मनीतून बघायचा आहे. फायबर आलं, नवा राउटर घेतला, त्यात वायरगार्ड या व्हीपीएनचा (नेटवरून थेट घरात येणाऱ्या खाजगी बोगद्याचा) सर्व्हर चालू केला, त्याचं पोर्ट ५१८२०, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडलं. पण मोबाइलच्या नेटवरून लावून बघितलं तर लागतच नाही. दोन रात्री यातच गेल्या. आबा, तुम्ही उत्तरेश्वर पेठेतल्या घरी हे केलं होतं ना?

आबा

बंडू, राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता काय दिसतो ते आधी सांग. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानंही सुरू होत असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, नेटच्या कंपनीनं पुष्कळ ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता ठेवलाय. म्हणजे वाड्याला दिंडी दरवाजा एकच आणि आत बिऱ्हाडं शंभर. तू उघडलंस ते तुझ्या खोलीचं दार. दिंडीची किल्ली कंपनीकडे आहे. बाहेरून कितीही हाका मारल्या तरी तुझ्यापर्यंत पोचणार नाहीत.

दादा, म्युनिक

एवढा खटाटोप कशाला? कंपनीला वर्षाचे पैसे भर आणि स्थिर पत्ता घे, फक्त तुझा, न बदलणारा. मी तेच केलंय. रेकॉर्डरचं पोर्ट सरळ बाहेर उघडं ठेवलंय. व्हीपीएन लागतच नाही, कुठूनही दिसतं.

अक्का

दादा, स्थिर पत्ता घे, त्याला माझी हरकत नाही. पण पोर्ट आजच्या आज बंद कर. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं असेच उघडे कॅमेरे आणि रेकॉर्डर धरले होते, कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेला नव्हता म्हणून. तुझ्या रेकॉर्डरचा पासवर्ड तू बदललायस का? तुझ्या आई पहाटे देवघरात बसतात, ते चित्र परक्यानं बघावं हे मला सहन होणार नाही.

दादा, म्युनिक

पासवर्ड बदलला, आत्ताच. पोर्ट संध्याकाळी बंद करतो. पण भारतात व्हीपीएनला बंदी आली होती ना?

अक्का

बंदी नाही. एप्रिल २०२२ चा सरकारी आदेश व्हीपीएनची सेवा विकणाऱ्या कंपन्यांसाठी होता, ग्राहकांची नोंद ५ वर्षं ठेवा म्हणून. आपल्या घरून आपल्याच घरी जोडणं ही वेगळी गोष्ट.

चिटणीस

कृपया लक्ष द्या. दादांचं शेवटचं उत्तर गणपतीच्या साहित्याच्या विषयओळीतही गेलंय, त्यामुळे मोदकांच्या साच्यांची यादी कुणाला सापडत नाही. शिवाय तांत्रिक मदतीचा तक्ता मी तीन वर्षं सांभाळतेय. अशी विचारणा आधी माझ्याकडे आली तर योग्य माणसाकडे लगेच पोचते.

वैनी, शाहूपुरी

बंडू, तो राउटरचा डबा जिन्याखाली ठेवलायस का? आमचा तिथंच होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुंभार गल्लीकडून पाणी आलं तेव्हा पहिल्यांदा तोच गेला. लाइट नाही, नेट नाही, हायवे बंद. मामंजी माडीवर आहेत की बाहेर नेलेत, हे आम्हाला दीड दिवस कळलं नाही. तेव्हापासून सगळं माडीवर, भिंतीत उंच. आणि बॅटरी घेशील तर राउटरला आणि फायबरच्या डब्याला, दोन्हीला लाव. एकट्या राउटरला लावून उपयोग नाही, लाइट गेली की फायबरचा डबा आधी बंद पडतो.

बंडू

वैनी, हलवतो. तसंही खालच्या भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड, माडीवर वायफायची एक काडी येत नव्हती. आबा, पत्ता १००.७२ नं सुरू होतोय. संपलं का मग सगळं?

आबा

संपलं कशाला? हाकेची दिशा बदल. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जायला अडवलेलं नाही. जर्मनीत तुझ्याकडे फ्रिट्झबॉक्स राउटर आहे. त्याचं सॉफ्टवेअर ७.५० किंवा पुढचं असलं की वायरगार्ड त्यातच येतं. तो सर्व्हर कर, म्हणजे हाक ऐकणारा, आणि कोल्हापूरचा राउटर क्लायंट, म्हणजे हाक मारणारा. कोल्हापूरनं जर्मनीला हाक मारायची, बोगदा एकदा उभा राहिला की चित्र उलट दिशेनंही येतं. तीन गोष्टी सांभाळ. जर्मनीच्या घराला बाहेरून गाठता येणारा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता (जुन्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता) हवा, तिकडेही काही जोडण्यांना तो नसतो. दोन्ही घरांचे आतले पत्ते वेगळे हवेत. फ्रिट्झबॉक्स मुळात १९२.१६८.१७८ नं सुरू होणारे पत्ते वापरतो, त्यामुळे ते बहुधा जमेल. तिसरं म्हणजे कीपअलाइव्ह, म्हणजे बोगदा जागा ठेवणारा छोटा संदेश, दर २५ सेकंदांनी टाक, नाहीतर वर्दळ नसली की कंपनीचं यंत्र वाट विसरतं. आणि राउटरमध्ये वायरगार्डचा क्लायंट आहे का बघ. खोक्यावर नुसतं ‘व्हीपीएन पास-थ्रू’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ आतून जाणारा बोगदा अडवत नाही एवढाच.

दादा, म्युनिक

पास-थ्रूचं हे मला माहीत नव्हतं. माझ्या भावानं तेच बघून राउटर घेतलाय. परत करायला लावतो.

बंडू

झालं! क्लायंट होता. इथं रात्रीचा दीड वाजला होता, तिकडे दहा. फ्रिट्झबॉक्सला खात्रीसाठी त्याच्यावरचं बटण दाबावं लागतं. फोनवर हिला उठवून ते दाबायला लावलं आणि बोगदा उभा राहिला. तरी रेकॉर्डर दिसेना. तास गेला. शेवटी विजेरी घेऊन खाली वाकलो, तर रेकॉर्डरची वायर अजून कंपनीच्या फायबरच्या डब्यातच होती. ती काढून नव्या राउटरमध्ये घातली. मिनिटभरात हिच्या मोबाइलवर आपला जिना आला. सहाव्या पायरीवर अण्णा बसले होते, झोप येत नाही म्हणून. ही तिकडून म्हणाली, अण्णांना शाल द्या.

वैनी, शाहूपुरी

बॅटरी घेतलीस का?