बाथरूममधल्या गिझरचं बटण: डीपी (डबल पोल, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच लावू का, आणि वायर कोणती?

निवांत_नाशिक

1990 च्या सुमाराची इमारत, दुसरा मजला. 15 लिटरचा 2000 वॅटचा स्टोरेज गिझर घेतलाय. बाथरूममध्ये आधीचा पॉइंट आहे, पण तो दिव्याच्या लाइनवरून ओढलेला, साध्या 6 अँपिअरच्या बटणावर. बटण आत, बेसिनच्या शेजारी. मेन बोर्डापासून बाथरूमपर्यंत पाइपमधून साधारण 12 मीटर अंतर. वायरमन म्हणतो, "बटण तेवढं 16 चं टाकतो, चालून जाईल." चालेल का? काम वायरमनच करणार आहे, पण त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं ते कळलं पाहिजे.

---

तिसरीपिन

चालणार नाही. 2000 भागिले 230 म्हणजे 8.7 अँपिअर, तेही सलग पंधरा-वीस मिनिटं. जुन्या दिव्याच्या लाइनमध्ये बहुधा 1 स्क्वेअर एमएमची वायर असते, क्वचित 1.5 ची. त्याच वायरीवर पंखे-दिवेही आहेत. बटण 16 चं केलं तरी भिंतीतली वायर तीच राहते. आधी बटण जळायचं, आता भिंतीतला जोड जळेल, एवढाच फरक.

गिझरला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. सामान:

- 2.5 स्क्वेअर एमएम तांब्याची एफआर (आग सहज न पसरवणारी) वायर, आयएस 694 चा शिक्का पाहून: लाल (फेज), काळी (न्यूट्रल), हिरवी (अर्थ). 12 मीटर अंतराला प्रत्येकी 14 मीटर धरा, बॉक्समध्ये वळवायला लागते. हिरवीसुद्धा 2.5 चीच.
- 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), सी कर्व्हचा (किती करंटला झटक्यात पडतो, त्याचा प्रकार)
- 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच), बोर्डात आधीपासून नसेल तर
- 20 अँपिअरचा डीपी स्विच, इंडिकेटरवाला
- 16 अँपिअरचं तीन पिनांचं सॉकेट

3000 वॅटचा इन्स्टंट गिझर असता तर 13 अँपिअर होतात. मग वायर 4 स्क्वेअर एमएम आणि एमसीबी 20 चा.

बटण बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी. ओला हात आणि बटण यांची गाठ पडताच कामा नये. सॉकेट आत ठेवावंच लागलं, तर सव्वादोन मीटरच्या वर, शॉवरच्या शिंतोड्यांपासून बाजूला आणि झाकणवालं. गिझरची वायर पुरत असेल तर सॉकेटही बाहेरच बरं. पण ती कापून, टेप गुंडाळून लांबवायची नाही.

---

खटका

डीपी का, ते सांगतो, कारण दुकानदारसुद्धा "साधं 16 चं घ्या, स्वस्त आहे" म्हणतात.

साधं बटण एकच वायर तोडतं. जुन्या इमारतीत मागे कधीतरी कुणी फेज-न्यूट्रल उलटी केलेली असते आणि रंगांवर भरवसा नसतो. मग बटण बंद केलं की तुटते न्यूट्रल. पाणी तापत नाही, दिवा विझतो, सगळं बंद वाटतं, पण एलिमेंटपर्यंत 230 व्होल्ट उभे असतात. गिझरचा थर्मोस्टॅटही बहुधा एकाच तारेवर असतो, त्याचीही तीच गत. डीपी दोन्ही वायरी एकदम तोडतो.

जोडताना बघायच्या गोष्टी: वायर 10-12 मिलिमीटरच सोलायची. जास्त सोलली तर टर्मिनलबाहेर उघडं तांबं राहतं. तारा पिळून दुमडायच्या, मग स्क्रू कसायचा आणि प्रत्येक वायर ओढून बघायची. एका टर्मिनलमध्ये तीन वायरी कोंबायच्या नाहीत. पिन टॉप काळा पडतो, सॉकेट वितळतं, त्यातली बहुतेक प्रकरणं ढिल्या स्क्रूची असतात. ढिला जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो. गिझर वीस मिनिटं चालवून प्लेटवर कोरड्या हाताची पाठ लावा. कोमट असेल तर ठीक. चटका किंवा प्लॅस्टिकचा वास आला तर मेन बंद करून पुन्हा उघडायला लावा.

---

तिसरीपिन

बटणापेक्षा मोठा प्रश्न अर्थिंगचा. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षार चढतात, त्याखाली आवरण गंजून भोक पडतं आणि करंट पाण्यात उतरतो. अर्थिंग नीट असेल तर तो हिरव्या वायरीने निघून जातो. नसेल तर नळाला हात लावणाऱ्यातून जातो.

एमसीबी इथे कामाचा नाही. सी कर्व्हचा 16 चा एमसीबी झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. जमिनीतल्या अर्थिंगचा रोध 5 ओहम धरला तरी फॉल्टमध्ये 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअरच वाहतात. एमसीबी तापून पडेपर्यंत कित्येक सेकंद जातील. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरलाच, सेकंदाच्या लहानशा अंशात पडतो.

एक भयंकर प्रकार सर्रास चालतो: अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तुकडा टाकून 'लूप' मारायचा. मागे कुठे न्यूट्रल तुटली की त्या लूपमधून फेज थेट गिझरच्या टाकीवर येते. जुनी प्लेट उघडून हा तुकडा आधी शोधा. असा लूप असताना आरसीसीबी सारखा पडतो, आणि मग लोक लूप काढायचा सोडून आरसीसीबीच काढून टाकतात!

नळाच्या पाइपलाही अर्थ बांधू नका. मध्ये कुठे सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकच्या पाइपचा) तुकडा आला की संपलं.

---

निवांत_नाशिक

आभार. मेन बोर्डात हिरवी वायर दिसते, पण ती खरंच खाली मीटर रूमपर्यंत पोचली आहे का, हे कसं कळणार? आणि आरसीसीबी गिझरपुरता लावला तर चालेल का?

---

खटका

वायरमनला मल्टिमीटरने सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पण नुसत्या मीटरवर विसंबू नका. तुटायला आलेली, एका तारेवर लोंबणारी वायरसुद्धा 230 दाखवते. म्हणून आरसीसीबीच्या अलीकडे (मीटरकडच्या बाजूला), फेज आणि अर्थ यांच्यात 100 वॅटचा जुना बल्ब लावून बघतात. मंद पेटला तर अर्थिंग कुचकामी. पूर्ण पेटला तरी त्यातून अर्ध्या अँपिअरहून कमीच गेलेला असतो, त्यामुळे शेवटचा निकाल अर्थ टेस्टरचाच (अर्थिंगचा रोध मोजणारं यंत्र).

गिझरपुरता आरसीसीबी चालेल, पूर्ण घराला लावला तर उत्तम. फक्त गिझरची न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून बाहेर पडलेली हवी. ती बोर्डातल्या सामाईक न्यूट्रल पट्टीवर नेली, तर गिझर चालू करताक्षणी आरसीसीबी पडेल आणि दोष नव्या गिझरवर जाईल. त्याचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पडला नाही तर बदला.

काम परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून घ्या. मेन बंद केल्यावर टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो जिवंत आहे ना ते बघायचं, मगच बंद लाइनवर.

---

ओलीफरशी

एक राहिलं. डीपी बंद केल्यावरही इंडिकेटर पेटलेला राहिला, तर इन आणि आउटच्या वायरी उलट्या लागल्यात. गिझर बंद होतो म्हणून वायरमन तसंच ठेवून जातो. पण मग तो दिवा कायमच पेटलेला, गिझर चालू राहिलाय का ते बाहेरून कळणार कसं? त्याच दिवशी उलटून घ्या.