रोमन घोडेस्वाराची स्पाथा: पातं किती लांब, तलवार कुठल्या बाजूला?

लोहभस्म
इ. स. पहिल्या शतकातल्या रोमन साहाय्यक घोडेस्वाराची स्पाथा (लांब, सरळ तलवार) खऱ्या मापात करायची आहे, प्रदर्शनासाठी, बिनधारेची. हातातल्या आराखड्यात पातं 78 सेंमी, रुंदी 4 सेंमी, पात्यावर नागमोडी नक्षी आणि खांद्यावरून येणाऱ्या रुंद पट्ट्याने तलवार डाव्या कुशीला. जमेल का हे? की ग्लॅडियसचंच, म्हणजे रोमन पायदळाच्या आखूड तलवारीचंच, पातं लांबवू?

खोगीरभरती
आराखडा चांगला आहे, पण तिसऱ्या शतकातला. पहिल्या शतकासाठी स्कॉटलंडमधल्या न्यूस्टेडच्या किल्ल्यात सापडलेली पाती धरा: लांबी 62 सेंमीच्या आसपास, मुठीपाशी रुंदी जेमतेम साडेतीन. ग्लॅडियस लांबवू नका. त्याचं पातं आखूड पण चांगलं रुंद असतं. तीच रुंदी ठेवून लांबी वाढवली की हातात पहार येते. स्पाथेचं मूळ गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा भाग) स्वारांच्या लांब केल्टिक तलवारीत आहे, ग्लॅडियसमध्ये नाही.

बाजूचं म्हणाल, तर पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस रोमन घोडेस्वाराची लांब तलवार उजव्या बाजूला सांगतो, आणि ऱ्हाइनकाठच्या थडग्यांवरच्या शिल्पांतही तेच दिसतं. खांद्यावरचा रुंद पट्टा आणि डावी बाजू दुसऱ्या शतकात रुळली. तेव्हा तुमच्या स्वाराला कमरपट्टाच द्या.

भट्टीवाला
बहुतेक नकला फसतात त्या जाडीत. सगळीकडे सारख्या जाडीची पट्टी कापली की टोक जड होतं. मुठीपाशी 5 मिमी, टोकाकडे 3 मिमीपर्यंत उतरवत न्या.

मुठीत जाणारा दांडा पात्यातूनच काढा, वेल्डिंग नको. पातं आणि दांडा मिळतात तिथे काटकोन ठेवलात तर तडा नेमका तिथूनच जातो. 2-3 मिमीची गोलाई द्या. परज (पात्याकडची आडवी पट्टी) आणि मुठीच्या टोकाचा गोळा लाकडाचा, मधली मूठ हाडाची, बोटांसाठी खाचा पाडलेली. दांडा गोळ्यातून पार काढून पितळी चकतीवर हलक्या हाताने ठोकून पसरवा. चकती विसरलात तर गोळा उभा चिरतो, तापवून ठोकलंत तर लाकूड करपतं.

म्यान म्हणजे दोन पातळ फळ्या, वरून चामडं, शिवण मागच्या बाजूला. प्रदर्शन संपल्यावर पातं आत ठेवू नका, चामड्यातल्या ओलीने गंज धरतो.

लोहभस्म
आणि नक्षी?

खोगीरभरती
गाळा. पिळलेल्या कांड्या भट्टीत जोडून केलेली पाती रोमन तलवारींत दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या प्रमाणात दिसतात. इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सच्या तलवारीत तशा पात्यावर युद्धदेव मार्स आणि गरुड जडवलेत. डेन्मार्कच्या न्यूदाम दलदलीतही अशी पाती निघाली. आपल्याकडच्या उक्कू पोलादाच्या जौहराशी (पात्यावरच्या लहरींसारख्या नक्षीशी) मात्र गल्लत नको, तो मुशीतल्या धातूतच असतो, ही कांड्यांच्या पिळाची करामत आहे.

भट्टीवाला
अॅसिडने नक्षी उठवून देणारेही भेटतील. पहिल्या शतकासाठी साधं, घासून चकचकीत केलेलं पातं पुरे. वर तेलाचा पातळ हात द्या.