'अनएन्क्लोज्ड सेटलमेंट'ला मराठीत काय म्हणायचं?

स्कॉटलंडमधल्या संरक्षित जागांच्या नोंदी मराठीत आणतेय आणि या एका शब्दावर दोन दिवस अडकलेय. अर्थ असा, की कांस्ययुगातली नाहीतर लोहयुगातली गोल घरांची वस्ती, जिच्याभोवती खंदक नाही, मातीचा बांध नाही, मेढेकोटही नाही. आधी 'तटबंदी नसलेली' लिहिलं पण तटबंदी म्हटलं की बुरूज आले, लढाई आली, आणि तिकडे एन्क्लोज्ड म्हणतात त्यातल्या कित्येक वस्त्यांना तर नुसता बुटका बांध असतो. 'उघडी' म्हटलं तर छप्परच नसल्यासारखं वाटतं, 'मोकळी' म्हणजे माणसं उठून गेली, आणि 'विखुरलेली' तर वेगळीच गोष्ट, घरं जवळजवळ असूनही भोवती काही नसू शकतं ना.

– 'बिनगावकुसाची वस्ती' का नको? आपलाच जुना शब्द आहे.

सुंदर आहे, पण 'गावकुसाबाहेरची वस्ती' आपण इतकं ऐकलंय, जातीमुळे बाहेर ठेवलेल्या माणसांचं सगळं दुःख त्यात आहे, वाचणाऱ्याच्या मनात तेच येणार. इथे आत-बाहेर अशी रेषाच नव्हती. म्हणून मी 'बिनकुंपणाची वस्ती'वर आलेय, कुंपण काट्यांचं, मातीचं, लाकडाचं कसलंही असतं.

– पटलं. आणि 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट'? अनुसूचित स्मारक?

शब्दाला शब्द तसंच होतं, 1882 च्या ब्रिटिश कायद्याला जी यादी जोडली होती तिच्यावरून ते नाव पडलं, आता 1979 चा कायदा आहे. पण मराठीत 'संरक्षित'च लिहावं, आणि 'स्मारक' तर मला अजिबात नको वाटतं, ही कुणाच्या आठवणीसाठी बांधलेली वास्तू नाही, लोक इथे राहत होते. शिवाय बऱ्याच ठिकाणी शेतात उभं राहिलं तर काहीच दिसत नाही, कोरड्या उन्हाळ्यात विमानातून पाहिलं की घराच्या बुजलेल्या चरावरचं पीक बाकीच्यापेक्षा जास्त दिवस हिरवं राहिलेलं असतं कारण तिथे माती खोल असते आणि ओल धरते, मग घराचं रिंगण पिकात उमटतं. त्याला 'संरक्षित स्थळ' पुरे.

आता 'प्लॅटफॉर्म' राहिला. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरउतारांवर घरासाठी जागा सपाट करून घ्यायचे, त्याला 'जोतं' चालेल का?

– नको, जोतं बांधून वर आणतात. हे मागून खणायचं आणि तीच माती पुढे टाकायची, सरळ 'सपाटी' म्हणा.

हो, सपाटी. लिहिते.