सुताच्या हिशोबाचं जुनं ॲपलेट आता उघडेना. पानात बसणारा छोटा प्रोग्राम नव्याने कसा लिहावा?

बीमवाला:

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याची वेबसाइट आहे. तिच्या एका पानावर जावा ॲपलेट (पानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम) बसवलेलं आहे. एकूण तारा, बीमची (रुळावर गुंडाळलेल्या धाग्यांची) लांबी आणि सुताचा काउंट (बारीकपणाचा आकडा) टाकला की ताण्याला (उभ्या धाग्यांना) किती किलो सूत लागेल ते सांगायचं. आता कुठल्याच ब्राउझरमध्ये चालेना, जागा कोरीच दिसायलीय. मूळ कोड हाताशी नाही, फक्त त्यावरून तयार झालेली डॉट क्लास फाइल आहे.

हे जावाच परत चालवता येईल का, की नव्याने लिहावं लागेल? दुसरं, सुताचे दोन-तीन व्यापारी हेच गणित आपापल्या साइटवर लावायचं म्हणतात. त्यांना चिकटवायला एक-दोन ओळीच देता याव्यात. वापरणारे बहुतेक मोबाइलवर असतात. काहींना मराठी, काहींना तेलुगू हवं. साइट वर्डप्रेसची आहे. जावास्क्रिप्ट बेताची येते. गड्ड्याच्या जत्रेआधी उरकायचंय.

उघडा_कंस:

जावाचा नाद सोडा. ॲपलेट ब्राउझरमध्ये शिरायचं ते एनपीएपीआय नावाच्या प्लगइनच्या दारातून. क्रोमने ते दार सप्टेंबर २०१५ मध्ये, ४५ व्या आवृत्तीत, कायमचं लावून घेतलं. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीत, फक्त फ्लॅशपुरती फट ठेवली. जावा ११ (२०१८) मध्ये प्लगइन येणंच बंद झालं. तेव्हा सेटिंगमध्ये शोधून काही हाती लागणार नाही. जुनी ॲपलेटं वेबअसेम्ब्लीतून (ब्राउझरमध्ये इतर भाषांतला कोड चालवायची सोय) चालवून दाखवणारी साधनं आहेत, पण तीन खोक्यांच्या हिशोबासाठी अख्खं जावा ग्राहकाच्या फोनवर उतरवायचं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं.

क्लास फाइल मात्र टाकू नका. जेडीकेबरोबर (जावा लिहिणाऱ्यांच्या साधनसंचाबरोबर) जावापी नावाची कमांड येते. तिला वजा-सी हा पर्याय आणि क्लासचं नाव दिलं की आतल्या सूचना आणि त्यातले आकडे छापून येतात. तुम्हाला पूर्ण कोड नकोच आहे, स्थिरांक हवेत. ०.५९ च्या आसपासचा किंवा ८४० हा आकडा दिसतोय का बघा, आणि वेस्टेज किती टक्के धरलंय तेही. फाइल डॉट जारमध्ये असेल तर ती झिपच असते, आधी उघडून घ्या.

नवं लिहायचं ते साध्या जावास्क्रिप्टमध्ये, कुठलंही फ्रेमवर्क न घेता. एकच एचटीएमएल फाइल: वर मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८, मध्ये तीन खोकी आणि उत्तराची ओळ, खाली स्क्रिप्ट. शंभर ओळींच्या आत बसतं. ती फाइल तुमच्या साइटवर ठेवा आणि व्यापाऱ्यांना आयफ्रेमची (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीची) एक ओळ द्या. त्यांच्या साइटची सीएसएस (दिसण्याचे नियम) आत शिरत नाही आणि तुमची स्क्रिप्ट त्यांच्या पानाला हात लावू शकत नाही. दुरुस्ती केली की सगळीकडे एकदम लागू.

लावताना दोन ठिकाणी अडतं. तुमची फाइल एचटीटीपीएसवर नसेल आणि त्यांचं पान असेल, तर ब्राउझर आयफ्रेम गप गिळून टाकतो, पानावर काहीच दिसत नाही आणि कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या तक्रारवहीत) मिक्स्ड कंटेंटची तक्रार येते. आणि तुमच्या सर्व्हरवर एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हा हेडर (पानाबरोबर जाणारी सूचना) सेमओरिजिन, म्हणजे फक्त याच साइटपुरता, असेल (सुरक्षेची प्लगइन परस्पर लावून ठेवतात) तर दुसऱ्याच्या साइटवर ते उघडणारच नाही. त्या एका फाइलपुरता तो हेडर काढून टाका आणि सीएसपी या दुसऱ्या हेडरच्या फ्रेम-ॲन्सेस्टर्समध्ये (कोण चौकटीत दाखवू शकतं त्या यादीत) व्यापाऱ्यांची डोमेन नावं लिहा.

पिक_पर_इंच:

दादा, गणिताचं मी सांगतो. कॉटनचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. मेट्रिकमध्ये आणलं की एक मीटर सुताचं वजन ०.५९०५ भागिले काउंट, इतके ग्रॅम. म्हणून:

तारा × लांबी (मीटर) × ०.५९०५ ÷ काउंट = ग्रॅम

२००० तारा, १०० मीटर, २० काउंट टाका. ५९०५ ग्रॅम, म्हणजे ५.९०५ किलो आलं पाहिजे. नव्या प्रोग्रामची पहिली चाचणी हीच. क्रिंप (विणताना धागा वळल्याने लागणारी जादा लांबी) आणि वेस्टेजची खोकी वेगळी ठेवा आणि टक्के एकमेकांत मिळवू नका, गुणा: ५ आणि २ टक्के असतील तर १.०५ × १.०२ = १.०७१, उत्तर ६.३२४ किलो. टॉवेलला जमिनीचा (मूळ विणीचा) ताणा आणि पाइलचा (वरच्या फुगीर फंद्यांचा) ताणा वेगळा मोजावा लागतो. पाइलचं सूत कापडाच्या लांबीच्या चारपट धरलं असेल तर तिथं लांबीलाच ४ ने गुणायचं, वजनात नंतर काही टक्के चढवून चालत नाही.

आता खरी मेख. काउंटच्या खोक्यात लोक २/२० लिहिणार, कारण बाजारात तसंच बोलतात. २/२० म्हणजे २० चे दोन पदर, हिशोबाला १० काउंट. मजकुरातून आकडा काढणारं जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट मात्र तिरक्या रेषेपाशी थांबतं आणि २ एवढंच उचलतं. उत्तर यायला हवं ११.८१ किलो, येतं ५९.०५ किलो. कुठं लाल अक्षर नाही, एरर नाही. एखाद्याने त्यावर सुताची ऑर्डर टाकली तर पाचपट माल दारात. म्हणून मजकूर आधी तिरक्या रेषेवर तोडा. दोन तुकडे मिळाले तर दुसऱ्याला पहिल्याने भागा, एकच मिळाला तर तोच काउंट. तिसरा तुकडा निघाला किंवा भागाकार शून्य आला तर उत्तर दाखवूच नका.

स्वल्पविरामाचंही तेच. १,२५० तारा लिहिल्या की पार्सफ्लोट १ देतं. वाचण्याआधी सगळे स्वल्पविराम काढून टाका.

हुरडा_पार्टी:

वरच्या दोघांचं पटतं, थोडी भर घालतो.

खोक्याचा प्रकार नंबर ठेवू नका. मराठी कीबोर्डवरून कुणी १०० हे देवनागरीत टाकलं तर नंबर प्रकारचं खोकं ते आकडे मानत नाही आणि स्क्रिप्टला रिकामी स्ट्रिंग (मजकूर) देतं. रिकाम्या स्ट्रिंगला नंबर हे फंक्शन लावलं की ० मिळतो. म्हणजे समोरच्याने १०० मीटर लिहिलंय आणि तुम्ही शून्य किलो सांगताय. प्रकार टेक्स्ट ठेवा आणि इनपुटमोड डेसिमल द्या, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचाच कीबोर्ड वर येतो. काउंटच्या खोक्याला मात्र तो देऊ नका, त्या कीबोर्डवर तिरकी रेष सापडेलच असं नाही.

देवनागरी आकडे ओळखणं सोपं आहे. युनिकोडमध्ये ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५, मधले सलग. अक्षराचा क्रमांक या पट्ट्यात आला तर त्यातून २४०६ वजा करा, उरतो तोच अंक. तेलुगूचा पट्टा ३१७४ पासून ३१८३ पर्यंत आहे, त्यालाही हीच युक्ती. हे बदलून झाल्यावरच पार्सफ्लोट, आणि आलेलं नॅन (आकडाच नाही) आहे का हे तपासल्यावरच गुणाकार.

उत्तर छापताना उलटा घोळ होतो. इंटल नंबरफॉरमॅटला (आकडे भाषेनुसार छापणाऱ्या सोयीला) भाषा मराठी-भारत दिली की आकडे देवनागरीत आणि लाख-हजाराचे स्वल्पविराम आपोआप येतात. बघायला छान. पण तेच छापलेलं उत्तर परत वाचून पुढचा हिशोब केला की सगळं कोसळतं. आकडा व्हेरिएबलमध्ये धरा आणि छापणं सर्वात शेवटी.

आयफ्रेमच्या उंचीबद्दल कुणी बोललं नाही. मोबाइलवर खोकी एकाखाली एक जातात, उंची वाढते आणि आत दुसरी स्क्रोलपट्टी उगवते. आतल्या पानाने आपली उंची मोजून पोस्टमेसेजने बाहेरच्या पानाला कळवायची, बाहेरच्याने ती आयफ्रेमला लावायची. मोजताना अख्ख्या डॉक्युमेंटची स्क्रोलहाइट (पूर्ण उंची) घेऊ नका. ती आयफ्रेमच्या सध्याच्या उंचीपेक्षा कमी कधी येतच नाही, त्यामुळे चौकट वाढते पण परत आकसत नाही. सगळं एका डिव्हमध्ये (पानातल्या एका डब्यात) घाला, त्या डिव्हची उंची मोजा आणि रीसाइझ ऑब्झर्व्हर (आकार बदलला की कळवणारा) त्याच्यावरच लावा. त्या डिव्हला १०० व्हीएच (चौकटीइतकी) उंची दिली असेल तर गंमतच: चौकट वाढली की डिव्ह वाढतो, डिव्ह वाढला की चौकट, मध्ये दहा पिक्सेलचं मार्जिन धरलं असेल तर पान खालीच धावत सुटतं. बाहेरच्या पानाने निरोप घेताना इव्हेंटचं ओरिजिन (निरोप कुठल्या साइटवरून आला ते) तुमच्याच डोमेनचं आहे ना ते तपासायचं, नाहीतर त्या पानावरची कुठलीही जाहिरात चौकटीची उंची ठरवेल.

मात्र तुमच्या स्वतःच्या साइटवर आयफ्रेम कशाला? तिथं कस्टम एलिमेंट (स्वतः बनवलेला टॅग) आणि शॅडो डॉम (त्याच्या आतला झाकलेला भाग) वापरा. उंचीची कटकटच नाही. टॅगच्या नावात डॅश लागतोच आणि पहिलं अक्षर छोटं इंग्रजी लागतं. थीमची सीएसएस शॅडो डॉमच्या आत येत नाही, पण फॉन्ट, रंग, ओळींमधलं अंतर हे वारशाने येतंच. होस्टवर (त्या टॅगवर) ऑल इनिशियल लिहून ते तोडता येतं.

बीमवाला:

मंडळी, फारच उपयोग झाला. जावापीने ०.५९०५४ सापडला आणि वेस्टेज २ टक्के. चाचणीचे तिन्ही आकडे जुळले.

आता दोन अडचणी. वर्डप्रेसमध्ये कोड चिकटवून सेव्ह केलं की एका लॉगिनने राहतो, दुसऱ्याने स्क्रिप्ट टॅग गायब होतो, नुसता मजकूर उरतो. आणि एका व्यापाऱ्याच्या साइटवर उंचीचं चालेना, कन्सोलमध्ये ओरिजिन नल असं काहीतरी येतंय. त्याने आयफ्रेमला सँडबॉक्स (आतल्या पानावर बंधनं) लावलाय.

उघडा_कंस:

पहिलं लॉगिन ॲडमिन किंवा एडिटर असणार, दुसरं ऑथर. ऑथरला अनफिल्टर्ड एचटीएमएलचा (न गाळता कोड सेव्ह करण्याचा) अधिकार नसतो, त्यामुळे सेव्ह करताना स्क्रिप्ट आणि आयफ्रेम दोन्ही गाळले जातात. मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) असेल तर हा अधिकार फक्त सुपर ॲडमिनला. पान ॲडमिनने सेव्ह करायचं आणि नंतर ऑथरने त्याला हात लावायचा नाही, कारण त्याने नुसती वेलांटी सुधारून सेव्ह केलं तरी टॅग परत जातो. कोड पानात ओतूही नका. जुन्या क्लासिक एडिटरमध्ये स्क्रिप्टच्या मधल्या रिकाम्या ओळींच्या जागी पॅराग्राफचे टॅग घुसतात आणि सिंटॅक्स एरर येते. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पानात कस्टम एचटीएमएल ब्लॉक घेऊन एकच ओळ. फाइलच्या नावात आवृत्ती घाला, हिशोब-३ असं काही. नाहीतर तुम्ही सूत्र सुधारलं तरी ग्राहकाचा फोन कॅशमधलं जुनंच चालवत बसतो.

सँडबॉक्सचं असं की त्यात फक्त अलाउ-स्क्रिप्ट्स दिलं असेल तर आतलं पान कुणाच्याच डोमेनचं राहत नाही, म्हणून ओरिजिन नल. तुमची तपासणी ते नाकारते, ते बरोबरच आहे. व्यापाऱ्याला अलाउ-सेम-ओरिजिनही जोडायला सांगा. फाइल तुमच्या डोमेनवर आणि पान त्याच्या, त्यामुळे इथं धोका नाही. हीच जोडी तुमच्या स्वतःच्या साइटवर वापरलीत तर आतली स्क्रिप्ट सँडबॉक्स स्वतःच काढून फेकू शकते, मग तो लावला न लावला सारखाच.

हुरडा_पार्टी:

व्यापाऱ्याला ते जोडायचं नसेल तर ओरिजिनऐवजी निरोप पाठवणारी खिडकी तपासा: इव्हेंटचा सोर्स आणि त्या आयफ्रेमची कंटेंटविंडो एकच आहे का. पानात दोन हिशोब लावले असतील तर ही तपासणी तशीही लागतेच, नाहीतर एकाची उंची दुसऱ्याला लागते. फक्त अशा सँडबॉक्समध्ये लोकलस्टोरेजला (ब्राउझरमधल्या साठवणीला) हात लावला की सरळ सिक्युरिटी एरर येते आणि पुढची स्क्रिप्ट थांबते. भाषेची निवड तिथं साठवणार असाल तर ट्राय-कॅचमध्ये (एरर आली तरी स्क्रिप्ट थांबू न देणाऱ्या रचनेत) घाला.

पिक_पर_इंच:

भाषेवरून आठवलं. लेबलं स्क्रिप्टमध्ये इकडेतिकडे विखरू नका, एकाच ऑब्जेक्टमध्ये मराठी आणि तेलुगू शेजारी ठेवा आणि भाषा आयफ्रेमच्या पत्त्यातून घ्या, म्हणजे व्यापारी आपल्याला हवी ती मागेल. तेलुगू लेबलं एखाद्या मास्तरांकडून नको, मागावर बसणाऱ्याकडून वाचून घ्या. खोक्यांचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, आयफोनवर खोक्यात बोट ठेवताच अख्खं पान मोठं होतं.

बीमवाला:

सोर्सची तपासणी लावली, चाललं. एक राहिलं: टॉवेलचं वजन याच पानात द्यायचं म्हणतात. सेंटिमीटर आणि जीएसएमवरून (चौरस मीटरमागे ग्रॅम) थेट करू ना?

पिक_पर_इंच:

करा की. लांबी × रुंदी ÷ १०००० × जीएसएम. ७५ बाय १५०, ४०० जीएसएम: ४५० ग्रॅम. फक्त लोक त्याच खोक्यात ३० बाय ६० इंचही टाकतील, आणि ते सेंटिमीटर धरले तर टॉवेल ७२ ग्रॅमचा निघतो. एकक निवडायचं बटण खोक्याला चिकटूनच ठेवा.