बाबांची बोलेरो : हाफ इंजिन करावं की फुल?

प्रेषक : सांगलीवाडीची लेक, मुक्काम मेलबर्न

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा घरगुती प्रश्न टाकतेय. आपल्यात सांगली-मिरजेचे आणि यंत्रातले जाणकार आहेत, म्हणून धीर केला.

बाबांची बोलेरो २००९ची, २५२३ सीसीची. ३ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. सकाळी चालू केली की निळा धूर सोडते, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते आणि दंडोबाच्या चढाला दुसऱ्या गिअरवर आणावी लागते. मेस्त्री म्हणतात, हाफ इंजिनचे ४५ हजार, फुलचे १ लाख १० हजार. बाबांचं म्हणणं, हाफच करू, दोन-चार वर्षं ओढली तरी पुरे. २०२४ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पासिंग करून घेतलंय, म्हणजे २०२९पर्यंत कागदांची काळजी नाही.

बाग तासगावजवळ आहे, ऑक्टोबरात फळछाटणी. आणि आईला दर पंधरवड्याला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. तिला घेऊन गाडी वाटेत बंद पडली तर, या विचाराने मला झोप लागत नाही. पैसे मी पाठवीन, पण बाबांना पटेल असं कारण माझ्याजवळ हवं.

---

प्रेषक : मिरजेचा काका

बाळ,

इकडे येण्याआधी अकरा वर्षं मी सांगलीत लेथवर काढली. क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) घासणं आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक) मारणं हेच काम. त्या भरवशावर सांगतो. इंजिन उघडण्याआधी हाफ की फुल हे कुणीच ठरवू नये. बाबांनी नाही, तू नाही आणि मेस्त्रींनीही नाही. ते माप ठरवतं.

हाफ म्हणजे हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, पिस्टन काढून रिंगा बदलायच्या, गॅस्केट नवी. क्रँक जागचा हलत नाही. फुल म्हणजे अख्खं इंजिन खाली. ब्लॉक आणि क्रँक लेथवर जातात, बोअर नवं, पिस्टन नवे, मेन आणि बिगएंडची (क्रँक ज्यांत फिरतो आणि पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथली) बेअरिंगं नवी, ऑइल पंपाची तपासणी. हाफमध्ये वरचा दाब पूर्ववत होतो आणि तो सगळा जुन्या, झिजलेल्या बेअरिंगांवर येतो. हाफ करून गेलेल्या गाड्या सहा-आठ महिन्यांत खालून ठोकत परत आलेल्या मी स्वतः उतरवून घेतल्या आहेत. आधीचे पैसे पाण्यात गेलेले आणि क्रँकही खराब झालेला. मालकाचा चेहरा बघवत नसे.

पण म्हणून डोळे मिटून फुल करू नका. खालचा भाग धड असेल तर ६५ हजार उगाच जातील.

बाबांना एक विचार. गाडी तासगावला जाऊन आली, इंजिन चांगलं तापलेलं आहे आणि ती जागेवर उभी चालू आहे, तेव्हा ऑइलचा दाब कमी झाल्याचा लाल दिवा लुकलुकतो का? आणि ते ऑइल कोणतं घालतात?

मेस्त्रींना सांग, आधी प्रत्येक सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरा. पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये. मग कान लावा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा किंवा बोअर, एअर फिल्टरकडून किंवा सायलेन्सरमधून आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. अर्ध्या तासाचं काम, पण त्याने निम्मं चित्र कळतं.

आणि सांगलीवाडी म्हटल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गाडी तेव्हा कुठे होती?

---

प्रेषक : विट्याची वहिनी

आमच्या भावाच्या जीपचं हाफच केलं होतं, १ लाख ९० हजारांवर. अजून चालते. पण त्याने खालचा चेंबर काढून बिगएंडची दोन बेअरिंगं डोळ्यांनी बघितली होती, एकसारखी राखाडी, वरचा थर झिजून खालचं तांबं कुठे दिसत नव्हतं. तेवढं बघूनच हाफला हो म्हटलं. तुझ्या बाबांनाही स्वतः उभं राहून बघू दे. फोनवर ऐकलेलं त्यांना पटायचं नाही.

---

प्रेषक : सांगलीवाडीची लेक

काका,

काल बाबांशी तासभर बोलले. दिवा लुकलुकायचा. वर्षभर लुकलुकत होता. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. १५डब्ल्यू-४० सोडून त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० ऑइल घालायला लागले, तेव्हा दिवा विझला आणि त्यांना वाटलं, दुखणं गेलं. आईला काळजी नको म्हणून गप्प बसले, असं म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

पुरात गाडी अंगणातच होती, स्टिअरिंगपर्यंत पाणी. चालू मात्र केली नव्हती. पाणी ओसरल्यावर टो करून नेली. ऑइल काढलं तेव्हा दुधाच्या चहासारखं निघालं, ते दोनदा बदललं आणि गाडी सुरू झाली. इंजिन उघडलं नव्हतं.

---

प्रेषक : मिरजेचा काका

घट्ट ऑइलने दाब दिसतो, झिजलेल्या बेअरिंगांची फट भरत नाही. बाबांना रागावू नकोस, पुष्कळ माणसं हेच करतात.

आता इंजिन खाली उतरवाच. पण त्याआधी गाडी वर उचलून चॅसी आणि फ्लोअर हातोडीने ठोकून बघा. पुरातली गाडी आतून गंजते. चॅसी गेली असेल तर इंजिनावर रुपया घालू नका.

उघडल्यावर तीन गोष्टी. चारही पिस्टन वर आणून ब्लॉकच्या पातळीपासून उंची मोजा. एखादा खाली राहिला तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकलाय. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की असं होतं, आणि टो करून नेल्यावर कुणी मारला नसेल याची खात्री कुणी द्यावी? दुसरं, बोअर वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं मोजा. लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घालून धूर थांबत नाही. तिसरं, क्रँकची प्रत्येक पिन (रॉड जिथे बसतो तो भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी. घासायची वेळ आली तर ०.२५ अंडरसाइजमध्ये, म्हणजे पाव मिलिमीटर बारीक करून, बसते का बघा. आणि लेथवाल्याला बजावून सांगा, क्रँकमधल्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून धुवा, हवा मारा. कृष्णेचा गाळ मैद्यासारखा बारीक. तो तिथे राहिला तर नवी बेअरिंगं खाईल.

---

प्रेषक : सांगलीवाडीची लेक

चॅसी खणखणीत आहे, मागच्या फ्लोअरला फक्त एक ठिगळ मारावं लागलं. पिस्टन चारही एका पातळीत. पण क्रँकच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर ओरखडे होते, बाबांनी स्वतः नख फिरवलं तर अडकलं. बेअरिंगांवर तांबं दिसत होतं. एक प्लग काढला तेव्हा आतून करड्या रंगाची वाळलेली माती निघाली. बाबांनी ती कागदावर काढून मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. सहा वर्षं ती माती आत घेऊन आम्ही आईला नेत होतो, काका. मग बाबाच म्हणाले, फुल करू.

क्रँक ०.२५मध्ये बसला. पंप नवा टाकला. एकूण १ लाख १८ हजार झाले. काल गाडी घरी आली, गरम झाल्यावरही दिवा लागत नाही. बाबा पन्नासच्या वर जात नाहीत, तासगावला रिकामीच नेतात. पहिलं ऑइल कधी बदलायचं?

---

प्रेषक : मिरजेचा काका

पाचशे किलोमीटरला, फिल्टरसकट. १५डब्ल्यू-४०च घाला. निघालेलं ऑइल पांढऱ्या टबात काढून उन्हात धरा आणि तळाशी काही चमकतं का ते बघा. फोटो मला पाठवायला सांग.