रूट ५ वरची जुनी घरं आणि चर्चेस, सासू-सासऱ्यांना घेऊन एका दिवसात काय काय होईल?

सोनचाफा_व्हीए

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत. डीसी, नायगारा, न्यूयॉर्क सगळं मागच्या ट्रिपला उरकलं. सासरे इतिहासाचे रिटायर्ड मास्तर, मॉलमध्ये नेलं की बाकावर बसून घड्याळ बघतात, पण जुनं घर दिसलं की पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय हलत नाहीत 😀 सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने नकोत.

इथे व्हर्जिनियात रिचमंडहून विल्यम्सबर्गला आम्ही नेहमी आय-६४ हायवेनेच जातो. ऑफिसातली एकजण म्हणाली रूट ५ ने जा, चार्ल्स सिटी काउंटीतून, तिथे नदीकाठी जुने वाडे आहेत. मी मॅपवर चार्ल्स सिटी शोधतेय तर गावच दिसेना, नुसती शेतं न् झाडं! कोणी गेलंय का? खरंच दिवसभर बघण्यासारखं आहे की एक घर बघितलं की सगळी सारखीच?

जेम्सकाठचा_गणू

सोनचाफाताई, गाव दिसणारच नाही, कारण चार्ल्स सिटीत सिटी नाहीच. ही व्हर्जिनियाच्या अगदी पहिल्या काउंट्यांपैकी, १६३४ ची, आणि अजून सात हजारांच्या आत वस्ती. एका बाजूला जेम्स नदी, दुसऱ्या बाजूला चिकाहॉमिनी, मधे मका, सोयाबीन आणि झाडी. मी सायकलवाला माणूस, रस्त्याला लागूनच कॅपिटल ट्रेल जातो, रिचमंड ते जेम्सटाउन साधारण ५२ मैल, त्यामुळे हा पट्टा दहाबारा वेळा तरी झालाय.

रिचमंडकडून येताना आधी शर्ली लागतं. मोठं घर १७३८ ला पूर्ण झालं, हिल-कार्टर घराण्याचं, आणि आजही तेच लोक वरच्या मजल्यावर राहतात. आत चौकोनी जिना आहे तो खालपासून वरपर्यंत कुठेही खांबाचा आधार न दिसता चढत जातो. सासूबाईंनी चढायचा नाहीये, खालून मान वर करून बघायचा. छपराच्या टोकावर लाकडी अननस आहे, पाहुण्यांचं स्वागत अशी त्याची खूण. सिव्हिल वॉरमधला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली, त्याची आई इथलीच आणि तिचं लग्नही याच घरात लागलं.

पुढे बर्कली. माझ्या मते एकच घर बघायचं तर हे. बाजूच्या दारावर दगडात १७२६ साल आणि बांधणाऱ्या नवरा-बायकोची आद्याक्षरं कोरलीत, सासरे तिथून हलणार नाहीत बघा. त्यांचा मुलगा बेंजामिन हॅरिसन पाचवा, याची स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे, आणि त्याचा मुलगा विल्यम हेन्री हॅरिसन नववा प्रेसिडेंट झाला, म्हणजे झाला आणि एक महिन्यात गेला. त्याच्यानंतर खुर्चीवर बसला व्हाइस प्रेसिडेंट जॉन टायलर, तोही याच काउंटीत जन्मलेला! सात हजारांच्या काउंटीतून ओळीने दोन प्रेसिडेंट.

आणि पहिलं थँक्सगिव्हिंग कुठे झालं याचं भांडण आहेच. ४ डिसेंबर १६१९ ला मार्गारेट जहाजातून उतरलेल्या लोकांनी इथे आभाराची प्रार्थना केली, म्हणजे मॅसॅच्युसेट्सवाल्यांच्या आधी. बर्कलीत हा विषय काढू नका, जेवायची वेळ टळेल.

सिव्हिल वॉरमध्ये, १८६२ च्या उन्हाळ्यात, उत्तरेच्या मॅक्लेलनचं अख्खं सैन्य इथे नदीकाठी तळ ठोकून होतं. सैनिकाच्या अंत्यविधीला बिगुलावर टॅप्स वाजवतात ना, आपल्याकडे लास्ट पोस्ट वाजवतात तसं, ती धून त्याच तळावर बटरफील्ड नावाच्या जनरलने बसवली. त्या सैन्यात जेमीसन नावाचा एक ड्रम वाजवणारा पोरगा होता, त्याने १९०७ मध्ये हीच जागा विकत घेतली, तेव्हा घराची पार रया गेली होती. पुढे त्याच्या मुलाने आणि सुनेने ते परत उभं केलं.

विटकर_काका

गणू, छान लिहिलंस, पण सगळे वाडेच सांगितलेस. मी बांधकामवाला, मला चर्चेस जास्त आवडतात कारण तिथे दिखावा कमी असतो आणि विटेचं काम उघडं दिसतं.

वेस्टओव्हर चर्च रूट ५ वरच आहे, झाडीत आत, साधारण १७३० चं. लांबून बघितलं तर एखादी शाळा वाटेल, मनोरा नाही काही नाही. जवळ जा. एक वीट लांबीची, एक वीट डोक्याची, परत लांबीची, अशी आळीपाळीने लावलीय, त्यामुळे भिंत बुट्टीच्या विणीसारखी दिसते. चर्चला सरकारी पैसा बंद झाल्यावर हे ओस पडलं, काही वर्षं धान्याचं कोठार झालं, मग सिव्हिल वॉरमध्ये उत्तरेकडच्या सैन्याने आत घोडे बांधले. आणि आज तिथे रविवारी प्रार्थना असते. हे कळल्यावर मला ती साधी इमारत वाड्यांपेक्षा भारी वाटायला लागली, आमच्या मिसेसना अजून पटलेलं नाही.

वेस्टओव्हरचा वाडा वेगळा, तो नदीवर. बर्ड घराण्याचा. दुसरा विल्यम बर्ड, ज्याने आपलं रिचमंड वसवलं, त्याचं थडगं तिथल्या बागेत आहे. घर खासगी आहे, आवार बघता येतं का ते आधी विचारून घ्या. गंमत म्हणजे घर बरीच वर्षं दुसऱ्या बर्डच्या नावावर खपत होतं, मग लाकडातल्या वार्षिक वलयांवरून वय काढलं तर ते १७५० च्या आसपासचं निघालं, म्हणजे त्याच्या पोराचं. लाकूड खोटं बोलत नाही.

जुनं कोर्टहाउससुद्धा बघा, १७५० च्या दशकातलं, दहा मिनिटांत होतं. सिव्हिल वॉरमध्ये तिथली बरीच दप्तरं गेली, त्यामुळे या काउंटीत पूर्वज शोधणारे लोक कपाळाला हात लावतात.

मुक्ता_नाही_मुक्ताई

मला एक खटकतंय. वर दोघांनी जिना, अननस, विटा सगळं लिहिलं पण त्या विटा पाडल्या कोणी, मका कोणी पेरला याबद्दल अक्षर नाही?? हे नुसते वाडे नाहीत, प्लँटेशन्स आहेत, शेकडो गुलाम राबलेत तिथे. आपल्याकडचा वाडा दाखवताना कोणी फक्त दिवाणखाना दाखवून आणलं तर आपण विचारतोच ना की चूल कुठे होती आणि पाणी कोण भरायचं.

सासरे मास्तर आहेत तर त्यांना हे सांगा. लॉट कॅरी, साधारण १७८० ला याच काउंटीत गुलामीत जन्मला. रिचमंडच्या तंबाखूच्या गोदामात काम करून १८१३ मध्ये ८५० डॉलर भरून त्याने स्वतःला आणि दोन मुलांना सोडवलं, मग धर्मोपदेशक झाला आणि १८२१ मध्ये आफ्रिकेला गेला, पुढे लायबेरियात. त्याच्या जन्मस्थानाची पाटी आहे काउंटीत.

एलम बॅप्टिस्ट चर्च, १८१० चं, स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी सुरू केलेलं. तारीख बघा, गुलामगिरी संपायच्या पन्नासच्या वर वर्षं आधी! आत्ताची इमारत नंतरची आहे पण मंडळी तीच. आणि समारिया बॅप्टिस्ट, ते चिकाहॉमिनी या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांचं, १९०१ चं. ही माणसं सगळ्यांच्या आधीपासून इथली आणि केंद्र सरकारने त्यांना मान्यता दिली कधी तर २०१८ मध्ये.

पुढे प्रेसिडेंट झालेल्या जेफरसनचं लग्न १ जानेवारी १७७२ ला इथेच द फॉरेस्ट नावाच्या घरात झालं. सासरा जॉन वेल्स, गुलामांच्या व्यापारातला. सॅली हेमिंग्ज गुलाम, पण त्याचीच मुलगी, म्हणजे जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण, आणि वेल्स गेल्यावर ती वारसाहक्कात जेफरसनकडे आली. बहीण वारशात येते, जमिनीच्या तुकड्यासारखी. हे घर सिव्हिल वॉरमध्ये जळालं.

जेम्सकाठचा_गणू

मुक्ताई, मान्य, माझी चूक. शर्लीत मागची बैठी घरं, स्वयंपाकघर, कोठारं उभी आहेत, ती सोडून लोक पुढूनच परत जातात, मीही पहिल्या वेळी तेच केलं.

त्यावरून आठवलं, नदीकाठचा विल्सन्स वॉर्फ. २४ मे १८६४ ला तिथल्या मातीच्या किल्ल्यात उत्तरेचे मुख्यतः कृष्णवर्णीय सैनिक होते, त्यांनी दक्षिणेच्या फिट्झह्यू लीच्या घोडदळाला परतवून लावलं. तो किल्ला पुढे १९९६ मध्ये विकत घेऊन जपला कोणी, तर जॉन टायलरच्या नातवाने! टायलर स्वतः शेवटी दक्षिणेच्या बाजूने गेलेला माणूस. आणि नातू म्हणजे सख्खा नातू हं. आजोबा १७९० चे, मुलगा १८५३ चा, नातू १९२८ चा, गेला २०२५ मध्ये. तीन पिढ्यांत दोनशे पस्तीस वर्षं, मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलंय.

त्यांचं घर शेरवुड फॉरेस्ट पुढेच आहे. तीनशे फुटांच्या वर लांब, रुंदीला मात्र एकच खोली, चाळीसारखं. ६८ फुटांची नाचायची खोली आहे. प्रेसिडेंट टायलरला पक्षाने हाकललं म्हणून त्याने स्वतःला रॉबिनहुड समजून त्याच्या जंगलाचं नाव ठेवलं.

सोनचाफा_व्हीए

बापरे, मी एका दिवसाचं विचारलं आणि तुम्ही आठवडाभराचं दिलंत 🙏 सासऱ्यांना व्हॉट्सॅपवर पाठवलं, त्यांचं उत्तर आलं, "वारशात बहीण. पाटी आहे का तिथे?" गुडघ्यांसाठी काय?

विटकर_काका

बर्कलीत टूर फक्त खालच्या मजल्याची असते, तेवढं झेपेल. नदीपर्यंत बागेचा उतार आहे, तिथे त्यांना वरच्या बाकावर बसवा. शेरवुड फॉरेस्टचं घर आतून बघायला आधी फोन करावा लागतो. वाटेत हॉटेलं जवळपास नाहीतच, डबा न्या, आणि गवतात शिरणार असाल तर पायमोजे वर ओढा, गोचिड्या फार आहेत.